झोंबी, स्माइल प्लीज!

समोरून एक बाई येतेय. डोळे पांढरेफटक, एक गाल फाटलेला, फाटलेल्या गालातून दात दिसतायत आणि हातात चीज पिझ्झाचा भलामोठा तुकडा. तुम्ही काय कराल? पळाल? चूक! आधी तिच्या मागचा कचऱ्याचा डबा फ्रेममधून बाहेर काढा, मग क्लिक करा.

झोंबी वॉक शूट करायला मी गेले ऑक्टोबर २०१९ मध्ये. न्यू जर्सीतलं अ‍ॅसबरी पार्क, समुद्रकाठचं गाव. तिथून तासाभरावर एडिसन, म्हणजे बाकरवडीपासून भाजणीपर्यंत सगळं मिळणारं आपल्या लोकांचं ठाणं. तिथे माझी मावसबहीण राहते. मास कॉमची डिग्री नुकतीच हातात, गळ्यात जिजूंचा उसना कॅमेरा आणि डोक्यात 'आता आपण फोटोजर्नलिस्ट'ची हवा. आजीला फोनवर सांगितलं, 'झोंबी बघायला चाललेय', तर तिला आनंद यादवांचं पुस्तक आठवलं. म्हणाली, 'त्यात बघायचं काय? वाच की!'

तर आजीसाठी थोडा इतिहास. झोंबी शब्द मूळचा हैतीच्या वूडू परंपरेतला. पण पाय फरफटत चालणारं, माणसं खाणारं हे जे प्रकरण आपल्याला माहीत आहे, ते जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं. गंमत म्हणजे त्या अख्ख्या सिनेमात कुणी 'झोंबी' म्हणतच नाही. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रक्त म्हणून चक्क चॉकलेट सिरप खपून गेलं. शेवटच्या घटकेला सिनेमाचं नाव बदललं आणि त्या गडबडीत पडद्यावरची कॉपीराइटची ओळ राहूनच गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे सिनेमा सगळ्यांचा झाला. झोंबी कुणाच्या बापाचा नाही, तो असा! कुणीही उठावं आणि झोंबी व्हावं. आपल्याकडेसुद्धा २०२२ मध्ये 'झोंबिवली' आलाच की.

२००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत अशी परेड निघाली. 'झोंबी वॉक' हे नाव घेऊन २००३ मध्ये टोरांटोतली मंडळी रस्त्यावर उतरली. अ‍ॅसबरी पार्कचा वॉक २००८ पासूनचा. २०१३ मध्ये तिथे ९,५९२ झोंबी मोजले गेले. गिनेस रेकॉर्ड! पुढच्याच वर्षी मिनेसोटाच्या झोंबींनी १५,४५८ चा आकडा गाठून तो मोडला. मेलेल्यांमध्येसुद्धा कॉम्पिटिशन आहे, काय समजलात?

आता फोटोचा फंडा. पहिला अर्धा तास मी जे काही काढलं ते सगळं बेकार. कारण कॅमेरा दिसला की प्रत्येक झोंबी एकच पोझ देतो, दोन्ही हात वर, मान तिरकी, जबडा उघडा. पन्नास फोटो काढा, पन्नास सारखे. खरा फोटो त्यानंतरच्या सेकंदाचा असतो. हात खाली येतात, माणूस 'ओके, थँक यू' म्हणतो आणि लेन्स सरकली म्हणून डोळा चोळायला लागतो. किंवा बायकोला फोन करून गाडी नेमकी कुठे लावलीय ते विचारतो. रक्ताळलेल्या हातांनी! म्हणून पोझ संपली तरी कॅमेरा खाली घ्यायचा नाही.

दुसरं म्हणजे फ्लॅश बंद. कॉर्न सिरपमध्ये खायचा रंग घालून केलेलं रक्त फ्लॅशमध्ये प्लॅस्टिकसारखं चकाकतं आणि टिश्यू पेपर, लॅटेक्स लावून तीन तास खपून केलेली जखम सपाट दिसते. समुद्र पूर्वेला, त्यामुळे दुपार कलली की सूर्य गावाच्या पाठीमागे जातो आणि बोर्डवॉकवर इमारतींच्या सावलीत मस्त मऊ उजेड मिळतो. तिथेच उभं राहायचं. पांढरा मेकअप कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतो, चेहरे करडे येतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं वर चढवायचं. झूम लावून लांबून काढू नका. ३५ किंवा ५० ची लेन्स लावा आणि त्यांच्याबरोबर उलटं चाला. (मी एका प्रॅमवर आपटले. आत झोंबी बाळ शांत झोपलेलं.)

इतकं सगळं शिकल्यावर मला त्या दिवसातला सगळ्यात भारी फोटो मिळाला. त्याचीच गोष्ट सांगायचीय.

ताई आणि तिचा चार वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर होते. ताई पार्किंगचे आणखी पैसे भरायला गेली. जाताना म्हणाली, "याच्याकडे बघ गं जरा."

मी बघितलं, पण व्ह्यूफाइंडरमधून. खाटकाचा अ‍ॅप्रन घातलेला एक धिप्पाड झोंबी भाच्यासमोर थांबला आणि 'हाय' म्हणायला वाकला. माणूस बिचारा प्रेमाने वाकला होता. पण पोराला ते कसं कळणार? त्याने टीशर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला, तोंड उघडलं आणि काही क्षण आवाजच फुटला नाही. मागे समुद्र धूसर, उजेड असा की विचारू नका. मी सहा फ्रेम काढल्या. गडबड आधी त्या झोंबीच्या लक्षात आली. तो गुडघ्यांवर बसला आणि 'खोटं आहे बघ' हे दाखवायला त्याने आपला रबरी कान उपटून हातात दिला. मग जे रडणं सुरू झालं!

ताई धावत आली. त्याला उचललं. मग माझ्याकडे वळली.

"डिलीट कर."

"अगं ताई, एकदा बघ तरी कसला आलाय..."

"मी त्याला बघितलंय. डिलीट कर. आत्ता."

मी तिच्यासमोर सहाही फोटो डिलीट केले. पण जिजूंच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं होती आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर जात होता. मी पुसले ते एकाच कार्डवरचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, शपथ. रात्री लॅपटॉपवर दुसरं कार्ड टाकलं तेव्हा सहाच्या सहा हजर! पुढचं मात्र माहीत असून केलं. पाच पुसले, एक कॉपी करून घेतला.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत सार्वजनिक जागेत कुणाचाही फोटो काढता येतो, परवानगी लागत नाही. हे मी स्वतःला बरेचदा ऐकवलंय. २०१४ ची सॅन डिएगोची बातमीही तितक्याच वेळा आठवलीय. तिथे कॉमिक-कॉनच्या बाहेर झोंबी वॉक चालू होता आणि गर्दीत एक गाडी अडकली. गाडीत बहिऱ्या माणसांचं कुटुंब, सोबत मुलं. चहूबाजूंनी लोक आले, ते घाबरले, गाडी पुढे गेली आणि एक बाई गंभीर जखमी झाली. ड्रायव्हरला कोर्टाने दोषी ठरवलं. त्या दिवशी रस्त्यावर किती लोक मजेत फोटो काढत असतील! कॅमेरा डोळ्याला लावला की भीती वाटत नाही, हे खरंय. म्हणूनच समोरच्याला ती वाटतेय हेही कळत नाही.

तो फोटो मी कुठेही दिला नाही. दोनदा मेलला जोडला आणि दोन्ही वेळा काढला. ताईला कधी सांगितलंही नाही.

गेल्या सुट्टीत ते सगळे पुण्यात आले होते. भाचा आता मोठा झालाय, त्याला हॉरर आवडतं. "मावशी, तुझे झोंबीचे फोटो दाखव ना!" मी लॅपटॉप दिला आणि चहा टाकायला गेले. परत आले तर तो नेमका त्याच फोटोवर थांबलेला.

"हा मी?"

"हो."

बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तू कुठे होतीस तेव्हा?"

"तिथेच. फोटो काढत होते."

"ओके," म्हणाला आणि पुढचा फोटो उघडला. पिझ्झावाली बाई. ती त्याला जाम आवडली, मागे फिरून तीन-चारदा बघितली. सोबत छापलाय तो फोटो तिचाच आहे.