पूर्ण समजणारा संगणक

बँकेच्या शाखेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये मॉनिटरशेजारी उभा असलेला, जाडजूड पुस्तकाएवढा डबा तुम्ही पाहिला असेल. तो थिन क्लायंट. त्याला हार्ड डिस्क नसते आणि बहुतेक वेळा पंखाही नसतो. खरं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. याने फक्त पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळायचा. कार्यालयातली यंत्रणा बदलली की हे डबे भंगारात निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्यातले जुने डबे वाचवा. डॉस आणि विंडोज ९८च्या काळातले खेळ खऱ्या हार्डवेअरवर चालवायला ते फार उपयोगी आहेत.

एचपीचा टी ५७२० घ्या. आत १ गीगाहर्ट्झचा एएमडी जिओड एनएक्स, म्हणजे अ‍ॅथलॉनच्याच घराण्यातला प्रोसेसर. विंडोज ९८ला तो भरपूर झाला. आतली साठवण अगदी तुटपुंजी असते, पण तिच्या जागी साधा अ‍ॅडॉप्टर लावून कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवता येतं. या कार्डाला मुळातच आयडीई हार्ड डिस्कसारखं वागता येतं, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एका कार्डावर विंडोज ९८ टाका, दुसऱ्यावर फ्रीडॉस. जिम हॉल यांनी १९९४मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली आजही जोपासली जाते.

खरी गंमत पुढे आहे. काही जुने प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्राम सुरुवातीला यंत्राचा वेग मोजतात : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामा लूप किती वेळा फिरला हे मोजायचं आणि त्याला ५५ने भागायचं. प्रोसेसर वेगवान असला की भागाकार ६५,५३५च्या वर जातो, १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. प्रोसेसरची कॅशे बंद करून वेग उतरवला की बऱ्याचदा तोच प्रोग्राम चालू लागतो. वेगवान यंत्रावर प्रोग्राम का पडला, याचं इतकं स्वच्छ उत्तर आजच्या संगणकावर क्वचितच हाती लागतं.

आवाजाचंही तसंच. डॉसमधले खेळ साउंड ब्लास्टर कार्डाशी थेट बोलतात : पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १. थिन क्लायंटमध्ये ते कार्ड नसतं. व्हियाच्या काही जुन्या चिपसेटमध्ये त्याची नक्कल करण्याची सोय आहे. इतर काही डब्यांवर एसबीईएमयू नावाचा मोफत प्रोग्राम ते काम करतो. एवढं जुळवल्यावर ‘डूम’मधल्या बंदुकीचा पहिला बार ऐकू आला, की त्यामागची प्रत्येक पायरी आपल्याला माहीत असते.

डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर हे सगळं आधुनिक लॅपटॉपवर चालवून देतो, आणि उत्तम चालवतो. पण तिथे अडचणी दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेल्या असतात. इथे ६४० किलोबाइटमध्ये माउसचा ड्रायव्हर आणि खेळ दोन्ही बसवायचे असतील, तर ‘कॉन्फिग डॉट सिस’ फाइलची एकेक ओळ वाचावी लागते. नव्वदच्या दशकात संगणकाला हात लावलेल्या अनेकांनी ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळता खेळताच फाइल, फोल्डर आणि मेमरी म्हणजे काय ते शिकून घेतलं.

म्हणून ज्यांच्या कार्यालयात असे डबे निकाली निघणार आहेत, त्यांनी आतली माहिती पुसून निदान दोन-चार डबे जवळच्या शाळेला द्यावेत. आजच्या मुलांच्या हातातला फोन विलक्षण ताकदवान आहे, पण तो आत डोकावू देत नाही. बटण दाबल्यापासून खेळ पडद्यावर येईपर्यंत यंत्राने काय काय केलं, हे आठवीतल्या मुलाला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजेल असा एक तरी संगणक प्रत्येक शाळेत असायलाच हवा.