विश्लेषण : तिकीट स्वस्त, बॅग महाग! विमान कंपन्या सामानाचे वेगळे पैसे का घेतात?

अमरावती किंवा अकोल्याहून रेल्वेच्या शयनयान डब्यातून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. द्वितीय श्रेणी वातानुकूलित डब्यात ही मर्यादा ५० किलो आहे. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर मात्र बहुतेक कंपन्या १५ किलोच सामान मोफत नेतात आणि त्यापुढे प्रत्येक किलोचे पैसे घेतात. वऱ्हाडातून आता थेट विमान उडू लागल्याने हा हिशेब अनेक कुटुंबांना पहिल्यांदाच करावा लागत आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न आताच का?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि अलायन्स एअरच्या एटीआर विमानाने मुंबईची सेवा सुरू झाली. रेल्वेने रात्रभराचा असलेला प्रवास पावणेदोन तासांवर आला. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचे विस्तारीकरण मात्र वर्षानुवर्षे रखडले आहे. त्यामुळे अकोलेकरांना विमानासाठी बेलोरा किंवा नागपूर गाठावे लागते. रेल्वेने जाताना तूरडाळ, पापड-कुरडया, लोणच्याच्या बरण्या आणि हंगामात संत्र्यांची पेटी सोबत नेण्याची इथल्या घरांची सवय आहे. विमानात हेच सामान तिकिटाचा हिशेब बिघडवते.

सामानाचे वेगळे पैसे घेणे कधी सुरू झाले?

युरोपातील स्वस्त विमान कंपन्यांनी २००६ च्या सुमारास ही पद्धत आणली. तिला खरे बळ मिळाले ते २००८ मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले. त्याआधीच मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेसाठी १५ डॉलर आकारण्याची घोषणा केली होती आणि इतर मोठ्या कंपन्या तिच्या मागे गेल्या. पुढे तेल स्वस्त झाले, तरी शुल्क राहिले. ‘बॅग मोफत’ हीच ओळख सांगणाऱ्या साउथवेस्ट एअरलाइन्सनेही मे २०२५ पासून बहुतेक तिकिटांवर ही सवलत बंद केली.

भारतात नियम काय आहेत?

देशात विमानभाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांना आहे. २०१३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) काही सेवांचे शुल्क भाड्यापासून वेगळे करण्यास परवानगी दिली. त्यानंतर खासगी कंपन्यांनी मोफत सामानाची मर्यादा २० वरून १५ किलोंवर आणली. २०१६ मध्ये ‘डीजीसीए’ने १५ ते २० किलोंदरम्यानच्या वजनाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, असा आदेश काढला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केवळ हातातील सामान नेणाऱ्यांसाठी स्वस्त तिकीट विकण्याची मुभा मिळाली. मे २०२४ मध्ये एअर इंडियानेही सर्वांत स्वस्त भाडेप्रकारांतील मर्यादा १५ किलोंवर आणली. थोडक्यात, जादा वजनाचा दर किती असावा, यावर आज कोणतीही कमाल मर्यादा नाही.

कारण इंधनाचेच आहे का?

काही अंशी. विमानात वाढणारे वजन वाहून नेण्यासाठी दर तासाला त्या वजनाच्या अंदाजे तीन ते चार टक्के इंधन जास्त लागते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार १५ किलोंची बॅग अमरावतीहून मुंबईला नेण्यास फार तर सव्वा लिटर इंधन लागेल. लिटरला ९० ते १०० रुपये धरले, तर हा खर्च सव्वाशे रुपयांच्या आतच राहतो. बॅग तपासणे, गाडीवर चढवणे, विमानात भरणे, उतरवणे यासाठी मनुष्यबळ लागते. बॅग हरवली, तर भरपाईही द्यावी लागते. मोठ्या विमानात प्रवाशांच्या बॅगा कमी झाल्या, की ती जागा मालवाहतुकीला विकता येते. हे सारे खर्च खरे आहेत. पण सगळे मिळूनही काउंटरवर किलोमागे शेकडो रुपये का मागितले जातात, याचे पूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही.

मग खरे कारण कोणते?

खरे कारण तिकीट विकण्याच्या पद्धतीत आहे. प्रवासी मोबाइलवर तिकिटे शोधतो तेव्हा यादी स्वस्तापासून महागापर्यंत लागते. दोनशे रुपयांनी महाग दिसणारी कंपनी खाली जाते. त्यामुळे प्रत्येक कंपनी मूळ भाडे कमीत कमी दाखवते आणि आसन, खाणे, सामान यांचे पैसे नंतर घेते. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की पाठपिशवी घेऊन एका दिवसासाठी जाणाऱ्याने दुसऱ्याच्या दोन बॅगांचा खर्च का उचलावा? तो चुकीचा नाही. मात्र एकदा तिकीट काढले, की प्रवाशाला दुसरीकडे जाता येत नाही. स्पर्धा भाड्यात होते, सामानाच्या दरात नाही. म्हणूनच भाडे खाली राहते आणि सामानाचा दर वर चढतो.

छोट्या विमानाचे गणित वेगळे कसे?

बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर लांब आहे. एटीआर-७२ विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे २३ टन असते. विमान, इंधन, सत्तरेक प्रवासी आणि त्यांचे सामान हे सारे त्यातच बसवावे लागते. त्यात वऱ्हाडातील एप्रिल-मेची उष्णता. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. अशा वेळी उड्डाणाचे वजन कमी ठेवावे लागू शकते. त्यामुळे पैसे भरण्याची तयारी असली, तरी जादा सामान त्याच विमानातून जाईलच असे नाही. मुंबई-दिल्ली मार्गावरील मोठ्या विमानात वजनाची मर्यादा बऱ्याच अंशी व्यापारी असते. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी ती तांत्रिकही असते.

सर्वाधिक फटका कोणाला?

परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना. अमेरिकेच्या विमानात सहसा प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो सामान नेता येते. पण मुंबईपर्यंतचे देशांतर्गत तिकीट वेगळे काढले असेल, तर तिथे १५ किलोंचाच नियम लागतो. उरलेल्या ३१ किलोंना किलोमागे ५०० रुपये दर धरला, तरी १५ हजार ५०० रुपये होतात. ही रक्कम तिकिटापेक्षाही मोठी ठरू शकते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर सहसा आंतरराष्ट्रीय प्रवासाची मर्यादा लागू होते. तशी सोय नसेल, तर अकोला किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबई गाठणेच परवडते.

प्रवाशांनी काय करावे, सरकारने काय?

तिकिटांची तुलना सामानासह करावी. जादा वजन लागणार असेल, तर ते आधीच ऑनलाइन घ्यावे. काउंटरवर ते सहसा महाग पडते. एका पीएनआरवरील प्रवाशांचे वजन एकत्र धरण्याची मुभा अनेक कंपन्या देतात, हेही विचारून घ्यावे. मात्र कोणतीही एक बॅग ३२ किलोंपेक्षा जड नसावी.

सरकारची जबाबदारी त्याहून मोठी आहे. अमरावती-मुंबई सेवा ‘उडान’ योजनेतील आहे. या योजनेत ठरावीक जागांच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून दिली जाते. भाड्याला मर्यादा आहे, मग सामानाच्या दराला का नसावी? न्यायालयाच्या निकालानंतर सर्व मार्गांवर दर बांधणे अवघड असेल, पण निधी देताना करारात अट घालणे अवघड नाही. निदान तिकीट शोधताना पहिल्याच पानावर, मराठीत, सामानासह एकूण रक्कम दिसलीच पाहिजे. सामानाचे पैसे घेण्यात गैर काही नाही. ते शेवटच्या क्षणी, माघारी फिरता येत नाही तेव्हा कळणे, हे गैर आहे.