सरासरी फसवते, फ्रेमटाइम बघा!

स्क्रीनच्या कोपऱ्यात ६० एफपीएस दिसतंय, तरी शत्रू समोर आला की नेमका गेम अडकतो? मग कुणीतरी सांगतं, ‘रॅम वाढव, ग्राफिक्स कार्ड बदल.’ थांबा! हा सल्ला सध्या भलताच महागात पडतो. एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड मेमरी लागते, कंपन्या उत्पादन तिकडे वळवताहेत आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून खिशात हात घालण्याआधी मोजा.

काय मोजायचं? खान्देशात हे समजावून सांगायला नको. पावसाची सरासरी पूर्ण झाली, पण मध्येच वीस दिवसांचा खंड पडला, तर कपाशीचं काय होतं ते घरी विचारा. गेमचंही तसंच. एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या १० फ्रेमना प्रत्येकी ५० मिलिसेकंद लागले, तरी बेरीज ६०च! पण त्या दहा फ्रेमपुरता तुमचा गेम २० एफपीएसने चालला. झटका बसतो तो तिथेच. ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी २०११मध्ये हाच मुद्दा मांडला आणि एकेका फ्रेमचा वेळ, म्हणजे फ्रेमटाइम, मोजायची पद्धत रुजली.

इंटेलचं ‘प्रेझेंटमॉन’ किंवा ‘कॅपफ्रेमएक्स’ फुकट मिळतं. गेममधला एकच प्रसंग तीनदा, प्रत्येकी एक मिनिट खेळा. सरासरीशेजारी ‘१ टक्का लो’ बघा. सरासरी ८० आणि लो ३० असेल, तर दुखणं वेगाचं नाही, सातत्याचं आहे.

आता वीस मिनिटं खेळून पुन्हा मोजा, तापमानही बघा. आकडे घसरले, तर संशयित बहुधा उष्णता. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. खोलीतली हवाच तापलेली, त्यात लॅपटॉप गादीवर! प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप मागून थोडा उचलून ठेवा. पण डेझर्ट कूलरच्या ओलसर झोतासमोर नको.

मग गेममध्ये ६० एफपीएसची मर्यादा घाला. ताण आणि तापमान दोन्ही उतरतात, फ्रेम एकसारख्या येतात. मागे चालू असलेले ब्राउझर, अपडेट बंद करा. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं, नाहीतर गुण कशाने आला हे कळणारच नाही.

एवढं करूनही रॅम भरलेलीच दिसली, तर घ्या बिनधास्त. तेव्हा घरी पैसे मागताना हातात हट्टाऐवजी आकडे असतील!