फाडलेल्या कागदातले प्रथिन

१८ मार्च २०१३. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या वोकहार्टच्या कारखान्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे तपासनीस पीटर बेकर तपासणीसाठी आलेले होते. कचऱ्याची पारदर्शक पिशवी घेऊन झपाझप निघालेला एक कर्मचारी त्यांच्या नजरेस पडला. पिशवीत फाडलेले कागद होते. तुकडे जुळवले तेव्हा ते इन्शुलिनच्या बॅचेसच्या नोंदींचे निघाले. भरलेल्या कुप्या डोळ्यांनी तपासताना त्यांत काळे कण दिसले, असे त्या नोंदी सांगत होत्या. अधिकृत बॅच रेकॉर्डमध्ये मात्र त्याचा मागमूस नव्हता. मे महिन्यात इम्पोर्ट अलर्ट लागला, १८ जुलैला वॉर्निंग लेटर आले. कॅथरीन एबन यांच्या २०१९ सालच्या ‘बॉटल ऑफ लाइज’ या पुस्तकाची सुरुवातच या वाळूजच्या प्रसंगाने होते.

जुने कशाला उकरता, असे काही वाचक म्हणतील. कंपनीची झाडाझडती तेव्हा जगभर झाली. ती पुन्हा करण्यात आम्हाला रस नाही. रस आहे तो एका साध्या प्रश्नात, जो आपल्या व्यवसायात अजूनही पुरेसा विचारला जात नाही. ते काळे कण होते कशाचे?

रबरी बुचाचे? फिलिंग लाइनवरच्या झिजलेल्या गॅस्केटचे? डिपायरोजनेशन टनेलमधल्या काजळीचे? प्रत्येक उत्तराचा पुढचा रस्ता वेगळा, आणि प्रत्येक रस्ता शेवटी प्रथिनाच्या रेणूपाशीच येतो. कुपीत इन्शुलिन सहासहाच्या गटाने, दोन जस्ताच्या आयनांभोवती बसलेले असते. फेनॉल किंवा मेटाक्रेसॉल तो गट घट्ट धरून ठेवतात. रेणू सुटा झाला आणि त्याला जलविरोधी पृष्ठभाग मिळाला, की तो आपली घडी उलगडतो आणि शेजारच्याला चिकटून तंतू तयार व्हायला लागतात. हवा आणि पाणी यांची सीमारेषासुद्धा त्याला पुरते. बुचावरचे सिलिकॉन तेल पुरते. म्हणजे परका कण हा निव्वळ ‘दिसायला वाईट’ दोष नाही. तो प्रथिनाला कदाचित नवा पृष्ठभाग पुरवतो आहे. पुरवतो की नाही हे कण फिल्टरवर धरून एफटीआयआरखाली ठेवल्याशिवाय आणि त्याच बॅचचे एसईसी पुन्हा चालवल्याशिवाय कळणार नाही. कागद फाडला तेव्हा नियमभंग झाला हे खरेच. पण त्याच क्षणी एक चांगला प्रयोगही वाया गेला, याची हळहळ कोणी केलेली ऐकिवात नाही.

आपल्या क्षेत्रात जनुकाला फार मान आहे. इन्शुलिनच्या बाबतीत तो मान कमवायला मुळात वेळ लागला: फ्रेडरिक सँगर यांनी त्याच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम १९५५ पर्यंत पूर्ण लावला, जेनेंटेकने १९७८ मध्ये तो इ. कोलायमध्ये बनवून दाखवला, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ह्युम्युलिनला मान्यता मिळाली. त्याआधी डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडांवर सगळा कारभार होता. वोकहार्टने २००३ मध्ये वोसुलिन आणले, ते भारतात विकसित झालेले पहिले रिकॉम्बिनंट मानवी इन्शुलिन. यजमान होते हान्सेन्युला पॉलिमॉर्फा हे यीस्ट. पुढच्या वर्षी बायोकॉनने पिकियातून इन्सुजेन आणले. यजमान निवडण्यामागची कारणे लोक प्रमोटर आणि कॉपी नंबरमध्ये शोधतात, पण हान्सेन्युला ३७ अंशांवरही सुखाने वाढते आणि पिकियाला ३० च्या आसपास ठेवावे लागते, हेही विसरू नये. उच्च घनतेला वाढवलेले यीस्ट फर्मेंटरमध्ये प्रचंड उष्णता सोडते, आणि बाहेर मे महिन्यातला मराठवाडा असतो. चिलरचे बिल ज्याच्या सहीने जाते त्याला या सात अंशांची किंमत विचारावी.

आज तेच जनुक कोणीही संगणकावर लिहून मागवू शकतो. इन्शुलिन प्रिकर्सरचा क्रम काही आठवड्यांत नळीत घालून कुरियरने घरपोच येतो. मग वाळूजसारख्या ठिकाणी वीस वर्षांत नेमके काय साठले? साठले ते क्रमाच्या पलीकडचे ज्ञान. मास्टर सेल बँकेतली कुपी उघडल्यापासून कितव्या पिढीनंतर उत्पादन घसरू लागते. ट्रिप्सिनच्या पायरीत पीएच किंचित सरकला तर कोणते पीक वर येते. आम्लात जास्त वेळ राहिले की ए-२१ वरच्या अ‍ॅस्पॅरॅजिनचे डीअमिडेशन कसे वाढते; वस्तुमानात जेमतेम एका डाल्टनचा फरक, पण एचपीएलसीवर शेजारी वेगळे पीक. ही माहिती बहुतेक कोणत्याच शोधनिबंधात नाही. ती शिफ्ट इनचार्जच्या डोक्यात आहे, क्यूसीतल्या जुन्या माणसाच्या वहीत आहे, आणि तो माणूस हैदराबादला किंवा अहमदाबादला नोकरी धरतो तेव्हा वहीसकट नाहीशी होते.

आणि जी माहिती फसलेल्या बॅचमधून आलेली असते ती तर त्याआधीच नाहीशी झालेली असते.

हे का होते ते आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. डेव्हिएशन उघडले की तीस दिवसांचे घड्याळ सुरू होते. मूळ कारण शोधायला वेळ नाही, यंत्र थांबवायला परवानगी नाही, म्हणून रकान्यात ‘मानवी चूक’ लिहिले जाते आणि कापामध्ये ‘संबंधितास पुनःप्रशिक्षण दिले’. कितीतरी कारखान्यांत वर्षानुवर्षे त्याच माणसाला तेच प्रशिक्षण दिले जात आहे. तो माणूस बहुधा कंत्राटी असतो. दोन वेळा नाव आले की तिसऱ्या वेळी त्याचा गेटपास निघत नाही. अशा माणसाकडून काळ्या कणाची प्रामाणिक नोंद मागणे म्हणजे त्याच्याकडूनच त्याच्या राजीनाम्याचा मसुदा मागणे. एचपीएलसीवर आधी ‘ट्रायल’ नावाने गुपचूप इंजेक्शन मारायचे, पीक बरे दिसले तर मग नमुन्याच्या खऱ्या नावाने चालवायचे, ही खोड अमेरिकी तपासनिसांनी भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांत नोंदवली आहे. तिच्यामागेही हीच भीती आहे. ट्रायलमधले आकडे सगळ्यात खरे. म्हणूनच ते पुसले जातात.

२०१३ नंतर आपण ‘डेटा इंटिग्रिटी’ शिकलो. भिंतीवर फलक लागले, कचऱ्याच्या डब्याला कुलूप लागले, सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू झाला. हे सगळे हवेच होते. पण शिकवले कोणी? क्यूएने. कशासाठी? तपासणीत सापडू नये म्हणून. रेणवीय जीवशास्त्रज्ञाने, ही माहिती मला लागते म्हणून, शिकवले असते तर वेगळे झाले असते असे आमचे मत आहे.

आणखी एक टोचणारी गोष्ट. एबन यांच्या पुस्तकानुसार त्या कुप्या अमेरिकेला जाणारच नव्हत्या. त्या भारतासाठी आणि मध्यपूर्वेसाठी होत्या. परदेशी तपासनीस नसता तर आपल्याच रुग्णांसाठीच्या नोंदी कचऱ्याच्या पिशवीतून गेल्या असत्या. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. नोव्हो नॉर्डिस्क मानवी इन्शुलिनची पेने बाजारातून काढून घेऊ लागली आहे, म्हणजे जुन्या, स्वस्त मानवी इन्शुलिनची मदार यापुढे भारतीय फर्मेंटरांवर जास्तच पडणार. धंद्याची संधी म्हणून या बातमीचे स्वागत आपल्याकडे लगेच झाले. ज्यांच्या दंडात ती कुपी रिकामी होणार त्यांच्या बाजूने तिच्याकडे पाहणे अजून बाकी आहे.

वाळूजला लागूनच असलेल्या शहरात नोंदीची एक वेगळी पद्धतही नांदते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधतेचे केंद्र आहे. हेबर्ट यांनी बारकोडची कल्पना मांडली तीही २००३ मध्येच. प्राण्यांच्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जात ओळखायची. काम सोपे वाटते, पण त्याची खरी शिस्त अनुक्रमात नाही. मासा किंवा किडा जपून ठेवलेला हवा, तो कुठे आणि केव्हा मिळाला, कोणी गोळा केला हे हवे, आणि सीक्वेन्सरने दिलेली कच्ची ट्रेस फाइलही जोडलेली हवी. नमुना हरवला तर अनुक्रम कितीही सुबक असो, त्याला बारकोडचा दर्जा मिळत नाही. उद्या कोणी म्हणाले की ही जात चुकीची ओळखली आहे, तर परत बरणीपर्यंत जाता आले पाहिजे. चूक सापडली म्हणून तिथे कुणाची नोकरी जात नाही. नोंद दुरुस्त होते आणि दुरुस्तीचीही नोंद राहते. विद्यापीठ आणि वाळूज यांच्यात बसने तासाभराचे अंतर आहे. वाळूजच्या क्यूसीमधली माणसे एक दिवस त्या केंद्रात, आणि तिथले विद्यार्थी एक आठवडा फिलिंग लाइनजवळ, एवढी देवाणघेवाण करायला कोणत्याही सामंजस्य कराराची गरज पडू नये.

अभ्यासक्रमाबद्दल एकच सूचना. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला विद्यार्थी जेलचा फोटो चिकटवतो तो बहुतेक वेळा बरा आलेला असतो, क्वचित शेजाऱ्याकडून आणलेला. प्लास्मिड न निघालेल्या दिवसाच्या पानालाही पूर्ण गुण द्यायला सुरुवात करा. मात्र का निघाले नाही याचे दोन अंदाज आणि ते तपासायची एक युक्ती त्या पानावर असली पाहिजे. ही सवय कारखान्यात लावायला गेले तर फार उशीर झालेला असतो.

आमच्या हातात आहे तेवढे आम्ही करतो. पुढच्या अंकापासून ‘न जमलेली बॅच’ हे सदर सुरू होत आहे. फर्मेंटर, शुद्धीकरण, फिलिंग, बियाण्यांची जीएम चाचणी, पीसीआर निदान, कुठलेही काम चालेल. कंपनीचे, उत्पादनाचे आणि माणसांचे नाव छापले जाणार नाही, आणि गोपनीय ठरेल असे काही कृपया पाठवू नका. पण आकडे कच्चे हवेत, आलेखाचे अक्ष खरे हवेत, आणि कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘मानवी चूक’ हे कारण म्हणून स्वीकारले जाणार नाही. त्या माणसाच्या हातून ती का झाली, पाळी कितवी होती, एसओपीतले कोणते वाक्य दोन प्रकारे वाचता येत होते, इथून लिहायला सुरुवात करा. मजकूर हजार शब्दांपर्यंत, दर महिन्याच्या १० तारखेपूर्वी.