एक साडी, अठ्ठेचाळीस पत्ते

सुरत म्हटले की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली १६६४ ची स्वारी आठवते. मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गेलो तो मात्र ताईकडे, उधन्याला. उधना, लिंबायत या भागांत मराठी वस्ती इतकी आहे की परमुलखात आल्यासारखे वाटतच नाही. दाजी रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटात, साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहितात. मी विज्ञानाचा विद्यार्थी, तेव्हा मला संगणकातले सगळे कळते असा त्यांचा समज. एके दिवशी ते मला पेढीवर घेऊन गेले.

प्रकार असा घडला होता. कोल्हापूरकडच्या, दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी गूगलवर शोधून पेढीच्या वेबसाइटवरची एक साडी पसंत केली, ५९५ रुपये भाव पाहिला आणि फोनवरून चाळीस नगांची मागणी नोंदवली. हा भाव दोन वर्षांपूर्वीचा. नव्या पानावर ७४० रुपये होते. शेठ म्हणाले, ते पान आम्ही केव्हाच काढले. बाई म्हणाल्या, माझ्यासमोर उघडे आहे! दोघेही खरे बोलत होते. पान यादीतून काढले होते, पण त्याच्या पत्त्यावर ते तसेच होते, आणि गूगलला तो पत्ता पाठ होता. मागणी अर्थातच रद्द झाली.

मी पाहू लागलो तेव्हा लक्षात आले की जुने पान हा रोगाचा एक भाग झाला. त्या साडीचे सहा रंग होते. भावाने, नावाने, नव्याने, खपाने असे यादीचे चार क्रम. शिवाय दोन प्रकारची मांडणी. प्रत्येक निवडीसरशी पत्त्याच्या शेपटीला एक तुकडा जोडला जाई. सहा गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे एकाच साडीचे अठ्ठेचाळीस पत्ते! सुरतेच्या बाजारात एकच कापड दोन दुकानांत दोन नावांनी विकले जाते, त्याला आपण हसतो. इथे एका दुकानातच अठ्ठेचाळीस नावे होती. अशा पुनरुक्तीबद्दल गूगल काही शिक्षा करीत नाही. ते त्यांतला एक पत्ता आपल्या मनाने निवडते आणि बाकीचे मागे ठेवते. अडचण एवढीच की त्याची निवड आणि आपली निवड एक असेलच असे नाही.

पेढीच्या संगणकवाल्या मुलाने यावर उपाय केला होता. त्याने रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलीत जुन्या पत्त्यांना मनाई लिहिली. ही फाइल म्हणजे शोधयंत्रांसाठी दारावर लावलेली पाटी. १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी ही प्रथा सुचवली, आणि २०२२ मध्ये तिला आर.एफ.सी. ९३०९ या क्रमांकाने रीतसर रूप मिळाले. पण पाटीवर लिहिलेले असते ते 'आत येऊ नका' एवढेच; 'यादीतून आमचे नाव खोडा' असे नव्हे. बाहेरून कुठून तरी दुवा असला तर गूगल आत न जाताही तो पत्ता दाखवू शकते, फक्त वर्णनावाचून. झालेही तसेच. त्यात या मुलाने त्या पानांवर 'नोइंडेक्स' ही खूणही घातली होती. ती खूण नाव खोडण्यासाठीच असते. परंतु ती वाचायला आत तर यावे लागते ना! दाराला कुलूप लावून आत सूचना चिकटवण्यासारखेच हे. आणखी एक, ही पाटी कोणीही वाचू शकतो; तेव्हा गुपित पत्ते तिथे लिहून ठेवणे म्हणजे चोराला नकाशा देणे.

आम्ही आधी कुलूप काढले. ज्या साडीचे नवे पान होते, तिचा जुना पत्ता ३०१ या कायमच्या वळणाने नव्याकडे नेला. जो माल कायमचा संपला, त्याला ४१०, म्हणजे 'गेले' हे उत्तर. (सगळेच मुखपृष्ठाकडे वळवावे असे त्या मुलाचे म्हणणे होते; ते आळशीपणाचे आहे, आणि गूगल त्याला फसतही नाही.) अठ्ठेचाळीस पत्त्यांवर 'कॅनॉनिकल' दुवा घातला, म्हणजे मूळ पान कोणते ते सांगितले. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणलेली ही सोय आहे. ती विनंती आहे, हुकूम नव्हे. यादी सुधारायला काही आठवडे लागले. शेठना ते दुसऱ्या दिवशी हवे होते.

हे सारे इथे लिहिण्याचे कारण साड्या नव्हे. आपल्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या (नाव विचारू नये) वेबसाइटवर प्रवेशाची सूचना दरवर्षी नव्या पत्त्यावर चढते आणि जुनी तशीच राहते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने मोबाइलवर शोधले, २०१९ ची सूचना पहिली आली, तीत वर्ष फक्त तळाशी होते. फीचा आकडा पाहून वडिलांनी तेवढेच पैसे उभे केले. खरी फी खिडकीवर कळली. उरलेले पैसे जमेपर्यंत तिची जागा गेली.

माझ्या मते 'प्रवेश' या पानाचा पत्ता एकच असावा, वर्षानुवर्षे तोच. मजकूर तेवढा बदलावा. मागच्या सूचना हव्या तर वेगळ्या ठेवाव्यात, माथ्यावर ठळक वर्ष घालून. मात्र साफसफाईच्या भरात आपल्या मासिकाचे जुने अंक आणि जुने निकाल कोणी पुसू नयेत. जुने ते सगळे फालतू नसते. आणि मराठी पान व कन्नड पान ही एकमेकांची नक्कल म्हणून त्यांतले एक लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नये. खरा अनुवाद शोधयंत्र पुनरुक्ती धरत नाही. दोन्ही पाने एकमेकांना भाषेच्या खुणेने जोडली की पुरे. हे काम एका दुपारचे आहे असे मी म्हणत नाही, पण एका सुट्टीचे नक्की आहे.

मी ते करायला तयार आहे असे त्या महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊन सांगितले. "बघू," असे उत्तर मिळाले. हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी पुन्हा शोधून पाहिले. २०१९ ची सूचना अजून पहिलीच येते.