उंच गाडी, खोल पांदण

मृगाच्या दोन-चार दमदार सरी कोसळल्या, की वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे जग दोन भागांत वाटले जाते. एक डांबरी सडकेवरचे आणि दुसरे पांदणीपलीकडचे. सेलूपासून समुद्रपूरपर्यंत आणि देवळीपासून हिंगणघाटपर्यंत पसरलेली काळी जमीन कापसाला मानवते, पण ओली झाली की चाकाला सोडत नाही. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि टायरच्या खाचांत असे घट्ट बसतात, की दहा-बारा फेऱ्यांत खाचांचा टायर गुळगुळीत गोटा होऊन जातो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. त्या रस्त्यावर गाडी शंभराच्या वेगाने धावते. त्याच गाडीला शेतापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर मात्र पावसाळ्यात पार करता येत नाहीत. गाडी उंच करून घेण्याची ओढ वाढते आहे, ती या विसंगतीतून.

पिकअप हे आता जिल्ह्याच्या शेतीव्यवहारातील मुख्य वाहन झाले आहे. हिंगणघाटच्या बाजारात जाणारा कापूस, आर्वी, आष्टी आणि कारंजा भागातील संत्री, समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद, सोयाबीन-हरभऱ्याची पोती असा सारा माल एक ते दोन टन वहनक्षमतेच्या या गाड्यांतून निघतो. त्यांच्या जोडीला दुसरा एक वर्ग आला आहे. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. पिकअप ही केवळ मालाची गाडी नसून हौसेचीही असू शकते, हे मोठ्या शहरांबरोबर तालुक्याच्या गावांनाही उमगले. अमेरिकेतील अवाढव्य पिकअपची उंच केलेली रूपे मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेला तरुण गॅरेजात जाऊन 'दोन इंच उचलून द्या' असे सांगतो. त्याच गॅरेजात कापूसवाला गाडीमालक 'एक जादा पाटा टाका' म्हणून येतो. एकाची हौस आहे, दुसऱ्याची गरज. दोघांसमोरचा प्रश्न मात्र एकच आहे: बाजारात मिळणाऱ्या या उपायांतून निवडायचे काय, आणि मुळात निवडायचे का?

गाडी उचलण्याचे मार्ग साधारण चार. पहिला, सांगाडा आणि वरचा साठा यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ साठा वर घेणे. यात दिसणे बदलते. सांगाडा, इंजिन व धुरे जिथल्या तिथे राहतात. दुसरा, पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या आणि मागे धुरा व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवणे. हा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित. तिसरा, पाट्यांच्या जुडीत जादा पाटा घालणे किंवा जुन्या पाट्यांना नव्याने कमान देणे. चौथा, स्प्रिंग, पाटे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा एकमेकांशी जुळणारा संपूर्ण संच बदलणे. हा महाग असला तरी तांत्रिकदृष्ट्या त्यातल्या त्यात सुसंगत, कारण स्प्रिंगचा ताठरपणा आणि शॉकचा दाब यांचा मेळ त्यात आधीच घातलेला असतो. ठोकळ्याच्या उपायात जुना शॉक त्याच्या लांबीच्या टोकाशी ताणला जातो आणि खड्ड्यात चाक खाली जाताना त्याला जागाच उरत नाही.

विक्रेता सहसा सांगत नाही अशी एक साधी गोष्ट येथे नोंदवायला हवी. वरील चारही उपायांनी साठा किंवा सांगाडा वर जातो. मागचा अखंड धुरा आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर जात नाही. तो चाकाच्या आधाराने उभा असतो. पांदणीत चाकोऱ्या खोल गेल्या की मधल्या उंचवट्याला प्रथम टेकतो तो हाच गोळा. तो वर नेण्याचा मार्ग एकच, मोठा टायर. टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढवला तरी धुरा वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे २५ मिलिमीटर. म्हणजे दोन इंच उंच झालेली गाडी ऐटीत उभी राहते खरी, पण चिखलात अडकते ती पूर्वीच्याच जागी. आपल्या पूर्वजांनी बैलगाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास नेले, त्यामागे हाच हिशेब होता. त्यांनी साठा उचलला नाही, चाक मोठे केले.

मोठ्या टायरचाही मोबदला द्यावा लागतो. ७०० मिलिमीटर व्यासाच्या जागी ७५० चा टायर घातला, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे सात टक्के अधिक अंतर कापते. वेगदर्शक काटा ८० दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग ८६ च्या आसपास असतो. ब्रेकला तेवढीच जास्त ताकद लावावी लागते, इंजिनाची ओढ कमी होते आणि वळताना टायर चाकावरच्या पत्र्याला घासू लागतो. चिखलात गाडी फसण्याचे खरे कारणही बहुतेक वेळा उंचीत नसते, पकडीत असते. मालवाहू पिकअप बहुतांशी दुचाकी चालनाच्या, म्हणजे मागील दोनच चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या. रिकाम्या गाडीच्या मागील भागावर वजन नसते, त्यामुळे चाक जागच्या जागी फिरते. अशा गाडीला कितीही उंच केले तरी ते चाक फिरतच राहणार.

उंचीचा खरा हिशेब मात्र डांबरी रस्त्यावर चुकता होतो. गाडी कलंडण्याचा धोका दोन चाकांमधील अंतराच्या निम्मे आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.९ मीटरवर धरला, तर हे गुणोत्तर ०.७८ येते. गाडी ५० मिलिमीटरने उचलली की ते ०.७४ होते. हा फरक फार मोठा नाही, असे कोणी म्हणेल. पण कापूस वजनाला हलका आणि आकाराला मोठा. तो कडेच्या फळ्यांवर मनोरा रचावा तसा भरला जातो. त्यामुळे गुरुत्वमध्य १.१ मीटरवर गेला, तर गुणोत्तर ०.६४ वर घसरते. उचललेली गाडी आणि उंच रचलेला माल एकत्र आले, की नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामजवळच्या वळणावर चालकाच्या हातात पूर्वी जी सवलत होती, ती उरत नाही.

ब्रेकचे एक अंग तर याहून कमी परिचित आहे. अनेक पिकअपमध्ये मागील धुऱ्याला एका दांडीने जोडलेला झडपेसारखा भाग असतो. माल चढला आणि पाटे दबले, की तो मागील चाकांना अधिक दाब देतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी फिरत नाही. मागे ठोकळा किंवा जादा पाटा टाकून ही दांडी नव्याने जुळवली नाही, तर झडपेला भरलेली गाडीही रिकामीच वाटते. पूर्ण मालानिशी उतारावर ब्रेक दाबल्यावर मागची चाके अर्ध्याच ताकदीने थांबू पाहतात. याखेरीज प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे जोड लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, पुढच्या चाकांची जुळणी बिघडते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो.

जादा पाट्याबद्दल एक गैरसमज खोलवर रुजला आहे. पाटा वाढवला की गाडीची क्षमता वाढली, असे मानले जाते. वस्तुतः पाटा फक्त दबायचा थांबतो. धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि सांगाडा यांची मर्यादा पूर्वीचीच राहते. पाटा बसलेला पाहून मालक सावध होत असे. तो इशाराच या दुरुस्तीने पुसला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने जादा भाराला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठेवला आहे, तो या मोहाला आवर घालण्यासाठीच.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीचा कडक अर्थ लावला. उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक त्यांनी रद्द केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. 'एमएच ३२' क्रमांकाची गाडी योग्यता तपासणीला गेली की हा प्रश्न उभा राहतो. अपघातानंतर विमा कंपनीचा पाहणी अधिकारी आला की तो अधिक टोकदार होतो. न कळवलेला बदल हे गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा नाकारण्याचे सोयीस्कर कारण ठरते.

येथे सर्वांत मोठी किंमत कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहिले पाहिजे. वेचणीच्या दिवसांत याच पिकअपमधून मजूर स्त्रिया शेतावर नेल्या जातात. मालवाहू गाडीतून फुकट नेल्या जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणातच स्पष्ट केले आहे. उंच केलेल्या, ताठर पाट्यांच्या, जोखीम वाढलेल्या गाडीत उभ्याने जाणाऱ्या त्या बाईला हा निकाल ठाऊक नसतो. गाडी कलंडली तर तिच्या घरच्यांनी दाद मागायची ती गाडीमालकाकडे. आणि तो स्वतःच कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेला असतो.

तरीही सारा दोष गाडीमालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपली व्यवस्था गरजेचा बदल आणि हौसेचा खेळ यांत पुरेसा भेद करीत नाही. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपर्यंत गाडी उचलण्यास मुभा आहे, त्यापुढच्या बदलाला मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत उंचीची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. आपल्याकडे शेतमालाच्या गाडीसाठी तपासलेला, प्रमाणित आणि नोंदणीपत्रावर सहज चढणारा संच मिळण्याची सोपी वाट सर्वसामान्य मालकाला दिसत नाही. मग तो वेल्डिंगच्या दुकानाकडे वळतो. प्रमाणित वाट बंद ठेवली की अप्रमाणित वाट रुंदावते, हा अनुभव इतर क्षेत्रांतही आहे.

मग आज निवड कशी करावी? पहिली गोष्ट, गाडी खरोखर खाली बसली आहे का ते तपासावे. जुने पाटे कमान हरवून बसले असतील, तर निर्मात्याच्याच मापाचे नवे पाटे, बुश आणि शॉक घालावेत. ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. आणि हरवलेली उंची बहुधा एवढ्यानेच परत येते. दुसरी, निर्मात्याने त्या मॉडेलला मान्य केलेल्या आकारांतीलच, पण चिखलाला योग्य अशा खोल खाचांचा टायर निवडावा. तिसरी, नवी गाडी घेणार असाल आणि वाट पांदणीचीच असेल, तर चारही चाकांना ताकद देणारे, कारखान्यातूनच अधिक उंचीचे आलेले मॉडेल घ्यावे. त्याची किंमत अधिक असते, पण त्याचे ब्रेक आणि धुरे त्या उंचीसाठीच आखलेले असतात. चौथी, माल रुंदीत आणि खाली भरावा, मनोरा रचू नये. ज्याला या सर्वांनंतरही उचललेलीच गाडी हवी असेल, त्याने आधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे, मग गॅरेजची पायरी चढावी. आणि ठोकळ्यांचा स्वस्त उपाय तर मालवाहू गाडीसाठी टाळलेलाच बरा.

अखेरीस प्रश्न गाडीचा उरत नाही, वाटेचा उरतो. शेतरस्त्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून आहे. पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आणली. कागदावर वाट आहे. पण मुरूम आणि खडी पडलेली, दोन्ही बाजूंना नाली काढलेली पांदण प्रत्यक्षात किती शिवारांत पोचली, हे आषाढात कोणत्याही गावाच्या वेशीवर उभे राहून पाहता येते. काळ्या मातीतील रस्ता पाण्याचा निचरा केल्याशिवाय टिकत नाही. नाली नसलेला मुरूम दोन पावसांत मातीच्या पोटात जातो.

एका गाडीला उचलण्याचा खर्च एक मालक करतो आणि त्याची जोखीम रस्त्यावरचे सारेच सोसतात. एक पांदण हातभर उचलली, तर त्या वाटेवरची प्रत्येक गाडी, प्रत्येक बैलजोडी आणि शाळेत जाणारे प्रत्येक मूल वर येते. गॅरेजसमोर ठोकळे मोजत उभ्या असलेल्या गाडीमालकाला हे कळत नाही असे नाही. गाडी उचलणे त्याच्या हातात आहे, रस्ता उचलणे नाही, एवढेच. ज्यांच्या हातात ते आहे, त्यांनी पुढच्या मृगाआधी एकदा साध्या, न उचललेल्या गाडीतून त्या वाटेने जाऊन पाहावे.