नकाशा कोणाला, बुलडोझर कोणाला?

उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२५ मध्ये बांधकामाचे नवे उपविधी मंजूर केले आणि २००८ पासून चालत आलेले नियम मोडीत काढले. १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडावर घर बांधण्यासाठी यापुढे नकाशा मंजूर करून घेण्याची गरज नाही, एक रुपया भरून नोंदणी केली की पुरे. मंजूर वसाहतीत ५०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला वास्तुविशारदाच्या हमीवर परवानगी. रुंद रस्त्यांलगत मोठ्या इमारतींसाठी चटई क्षेत्राच्या मर्यादा बऱ्याच सैल. ही या उपविधींची ठळक वैशिष्ट्ये आहेत. सामान्य माणसाला मोठा दिलासा मिळाला, असा सरकारचा दावा आहे. हा दिलासा नेमका कोणाला मिळाला आणि कोणाला मिळालाच नाही, याची छाननी लखनौ शहराच्या अनुभवाच्या आधारे केली पाहिजे.

प्रथम एक गोष्ट मान्य करावयास हवी. लहान भूखंडावर दोन खोल्या उभारणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला वा कारागिराला नकाशासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, दलालाला हात ओले करावे लागत. हा जाच कमी होत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु नकाशापासून सूट म्हणजे वसाहतीच्या मान्यतेपासून सूट नव्हे, आणि सारा प्रश्न येथेच दडलेला आहे.

लखनौमधील बांधकाम कामगार, रिक्षाचालक, चिकनकारीचे कारागीर आणि फेरीवाले यांपैकी किती जणांना विकास प्राधिकरणाच्या किंवा आवास विकास परिषदेच्या योजनेतील भूखंड परवडतो? बहुसंख्यांना तो परवडत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती शहराच्या कडेची शेतजमीन. दलाल ती शेतकऱ्याकडून घेतो, चुन्याच्या रेघा मारतो, कागदावर रस्ते दाखवतो आणि तुकडे विकून मोकळा होतो. निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला जातो, सरकार मुद्रांक शुल्क वसूल करते. तो तुकडा मंजूर आराखड्यात आहे की नाही हे पाहणे मात्र कोणी आपले काम मानत नाही. पुढे वीज येते, घरपट्टीची पावती येते, निवडणुकीत मतांची याचना करणारेही येतात. आणि मग एके दिवशी १९७३ च्या उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियमाची आठवण होते! त्या कायद्याच्या कलम १४ नुसार विकास क्षेत्रात परवानगीवाचून केलेला कोणताही विकास बेकायदा ठरतो आणि कलम २७ नुसार तो पाडता येतो. तुकडे पाडून विकणारा तोवर दुसऱ्या गावची शेते मोजत असतो. नोटीस येते ती घरात राहणाऱ्याच्या नावाने.

या व्यवस्थेचे उघडेनागडे रूप जून २०२४ मध्ये अकबरनगरात दिसले. कुकरैल या गोमतीच्या उपनदीकाठची ही वस्ती कित्येक दशकांची होती. नदीचे पुनरुज्जीवन आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमण ही कारणे देऊन ती हटविण्याचे ठरले. उच्च न्यायालयाने मार्चमध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात पाडकामाची वाट मोकळी केली. पर्यायी घरे द्यावीत, एवढी अट राहिली. १० जूनला सुरू झालेल्या कारवाईत काही दिवसांत हजाराहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. पर्यायी घरे मिळाली ती शहराच्या दुसऱ्या बाजूला हरदोई रस्त्यावरील बसंत कुंज योजनेत, आणि तीही हप्त्यांनी किंमत फेडण्याच्या अटीवर. ज्याचे दुकान, गिऱ्हाईक आणि मुलांची शाळा कुकरैलकाठी होती, त्याला घर मिळाले तरी उपजीविका कोठून मिळणार? रिकाम्या झालेल्या जागेवर जुलैमध्ये समारंभपूर्वक वृक्षारोपण झाले आणि त्या वनाला ‘सौमित्र वन’ असे नाव देण्यात आले.

अकबरनगरनंतर त्याच कुकरैलच्या काठी पंतनगर, इंद्रप्रस्थनगर, रहीमनगर आणि अबरारनगर या वसाहतींतील घरांवर लाल खुणा उमटल्या. येथील बहुतेक रहिवासी नोंदणीकृत खरेदीखते बाळगणारे. ते रस्त्यावर उतरले, शहरभर गदारोळ झाला, आणि जुलैच्या मध्यास खुद्द मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले की ही घरे पाडली जाणार नाहीत. त्या कुटुंबांची घरे वाचली याचा आनंदच आहे. पण नदी तीच, प्राधिकरण तेच आणि पूरक्षेत्राचा युक्तिवादही तोच असताना एका वस्तीवर नांगर फिरतो आणि दुसरी वाचते, ती कशामुळे? एकीकडे खरेदीखते होती आणि एकजुटीचा आवाज होता. दुसरीकडे घरपट्टीच्या व विजेच्या पावत्या होत्या आणि न्यायालयात हरलेला खटला होता. बांधकामाचा नियम वीट आणि सिमेंट मोजतो असे भासते. प्रत्यक्षात तो माणसाची समाजातील जागा मोजतो.

धनिकांच्या बाबतीत हाच कायदा किती सौम्य होतो तेही पाहावे. १९७३ च्या अधिनियमात कलम ३२ आहे. त्यानुसार शुल्क भरून गुन्हा ‘शमन’ करून घेता येतो. जादा मजला, गिळलेली मोकळी जागा आणि घराचे झालेले दुकान या साऱ्यांना शमनाची वाट खुली असते. खिशात पैसे असले म्हणजे झाले. याचा परिणाम काय होतो? ५ सप्टेंबर २०२२ रोजी हजरतगंजमधील लेवाना हॉटेलला आग लागून चार जण मृत्युमुखी पडले. चौकशीनंतर अनेक खात्यांतील अधिकारी निलंबित झाले. त्यानंतर पाच महिनेही उलटले नव्हते, तोच २४ जानेवारी २०२३ रोजी वजीर हसन मार्गावरील अलाया अपार्टमेंट ही इमारत कोसळली आणि माणसे दगावली. तिच्या पाडकामाचा आदेश कित्येक वर्षांपूर्वीच निघाला होता, हे दुर्घटनेनंतर उजेडात आले. जो आदेश अकबरनगरात काही दिवसांत अमलात येतो, तो हजरतगंजात वर्षानुवर्षे फायलीत निजून राहतो.

मग बांधकामाचे नियमच नकोत, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती घोर चूक ठरेल. दोन घरांमधील मोकळी जागा, जिन्याची रुंदी, सांडपाण्याची वाट आणि पायाची मजबुती हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. या गोष्टी नसल्या म्हणजे प्रथम मरतो तो कष्टकरीच. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांत इमारतीवर राबणारे मजूर होते आणि स्वस्त भाड्यापायी अपुऱ्या इमारतीत राहावयास आलेली कुटुंबे होती. म्हणून सुरक्षिततेचे नियम ही श्रमजीवी जनतेची स्वतःची मागणी आहे. एक रुपयात नोंदणी करून सरकार जेव्हा अंग काढून घेते, तेव्हा ते केवळ जाच कमी करीत नाही; पाया तपासण्याची जबाबदारीही गरिबाच्या माथी मारते. त्याला अभियंता कोण देणार, याचे उत्तर त्या एक रुपयात नाही.

महाराष्ट्रातील साथींना हा प्रश्न परका वाटू नये. लखनौचे १०० चौरस मीटर म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. पुणे, नाशिक, औरंगाबाद, सांगलीच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या जमिनींवर लक्षावधी घरे उभी राहिली, आणि अखेर २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली गेली. या कायद्यातही शुल्क भरतो तो भूखंड घेणारा. भूखंड पाडून नफा कमावणारा नामानिराळा राहतो. मुदत वाढवावी लागली, याचाच अर्थ रोग कायम राहिला.

रोगाचे निदान नवे नाही. एंगेल्सने १८७२-७३ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते की भांडवलदार वर्ग गलिच्छ वस्तीचा प्रश्न सोडवीत नाही, तो तिला फक्त एका जागेवरून दुसरीकडे हलवितो. लखनौला तर हा अनुभव दुहेरी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लष्करी सोयीसाठी या शहराचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते काढले. पुढे १९१६ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी लखनौ नगरपालिकेसाठी अहवाल तयार केला. सरसकट पाडापाडीऐवजी वस्ती राखून तिच्यात आवश्यक तेवढीच सुधारणा करावी, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षे लोटली तरी राज्यकर्त्यांना गेडिसपेक्षा १८५७ नंतरचा लष्करी इंजिनियरच जवळचा वाटतो!

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली, नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी टाकली. हा निकाल महत्त्वाचाच आहे. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदी-जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामांना त्याचे संरक्षण नाही. आणि शहरातील गरीब राहतो तो नेमका तेथेच! न्यायालयाच्या दारी प्रश्न सुटेल या भरवशावर त्यामुळे राहता येणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मंजुरी नसलेल्या आराखड्यातील भूखंडाचा दस्त नोंदवण्यास मनाई असावी, आणि तुकडे विकणाऱ्याकडून खरेदीदाराची रक्कम व्याजासह वसूल व्हावी. लहान घरांना नगरपालिकेने आदर्श नकाशे आणि अभियंत्याचा सल्ला विनामूल्य पुरवावा. शमन झालेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीची यादी आणि तिचा सुरक्षा तपासणी अहवाल जाहीर व्हावा. पर्यायी घर रोजगाराच्या टप्प्यात आणि परवडणाऱ्या दरात ताब्यात मिळाल्यावाचून एकही वस्ती हटवू नये.

पंतनगरने दाखवून दिले की लाल खूण पुसली जाऊ शकते. ती पुसली गेली ती संघटित जनतेच्या दबावाने. खरेदीखत हाती नसलेल्यांसाठी तोच दबाव उभा करणे आणि त्यात खरेदीखतवाल्यांना सामील करून घेणे, हे आपल्या शाखांपुढील काम आहे.